तिसरा होकार

१

बुधवारी सकाळी टपाल उघडलं, तर पहिल्याच पत्रात तीन ओळी होत्या.

"माझ्या नावाने कोणीतरी हो म्हटलंय. मी म्हटलेलं नाही. शुक्रवारी पाचच्या आत तो कोण ते शोधा, नाहीतर मी सगळं पुसून टाकतो."

खाली सही होती: अण्णा, ठिपके.

ज्या कंपनीत मी नोकरी करते तिला आम्ही कोठार म्हणतो. ठिकठिकाणचे प्रोग्रामर आपला कोड तिथे आणून ठेवतात, एकमेकांचा तपासतात, सुधारतात. मला कोड लिहिता येत नाही. माझं काम वाचण्याचं. कोठाराने काही नवं जाहीर केलं की त्याखाली लोक प्रतिक्रिया लिहितात. त्या सगळ्या वाचायच्या आणि आठवड्याला एक पान वरच्यांना पाठवायचं. चौथ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून माझं टेबल आहे. शेजारचं टेबल दोन वर्षं रिकामं होतं, आता त्यावर छपाईचं यंत्र ठेवलंय.

बारा दिवसांपूर्वीच्या शुक्रवारी कोठाराने भागीदार योजना जाहीर केली. निवडक प्रकल्पांना मोठी यंत्रं, मदतीला माणसं आणि नावापुढे निळा बिल्ला मिळणार. त्याच्या बदल्यात प्रकल्पाची एक चावी कोठाराकडे राहणार. म्हणजे उद्या मूळ लोकांना न विचारताही कोठार त्यात बदल करू शकेल. बाराशेच्या वर प्रतिक्रिया आल्या. कोणी नाचत होतं, कोणी दात-ओठ खात होतं. एकाने लिहिलं, "बिल्ला पाठवू नका, शर्टच नाहीये माझ्याकडे, घरूनच काम करतो." दुसऱ्याने, "आधी माझ्या तीन वर्षांपूर्वीच्या तक्रारीला उत्तर द्या, मग लग्नाची बोलणी करा." एका बाईंनी तर, "ही भागीदारी नाही, दत्तकविधान आहे. तेही आईबाप धडधाकट असताना!"

माझा एक नेम आहे. रोज जेवायच्या आधी अशी एक प्रतिक्रिया शोधायची जिला कोणीच उत्तर दिलेलं नाही, आणि तिला उत्तर द्यायचं. त्या नेमात चारशे सतरावी आली होती. लिहिणारे हेच अण्णा. दीड पान होतं, एकही चढा शब्द नाही. 'ठिपके' हा त्यांचा छोटासा प्रकल्प अक्षरांचं ब्रेलमध्ये रूपांतर करतो. अडतीस अंधशाळांमधली वाचनयंत्रं रोज सकाळी कोठारातून त्याची प्रत मागून घेतात. "हे काम बोटांनी तपासायचं असतं," त्यांनी लिहिलं होतं, "ज्यांची बोटं त्यावर फिरत नाहीत त्यांच्या हाती मी चावी देणार नाही." मी उत्तर दिलं, "पूर्ण वाचलं. मनापासून आभार." माझ्याखेरीज कोणी दिलं नव्हतं. म्हणून पत्र मला आलं होतं.

प्रत्येक प्रकल्पाची कोठारात एक बोलण्याची खोली असते. खोली म्हणजे एक पानच, तिथे त्या प्रकल्पाची माणसं एकमेकांशी बोलतात आणि मंजुऱ्या देतात. मी ठिपक्यांची खोली उघडली. ठिपके सांभाळणारे तिघं, आणि तिघांच्या होकाराशिवाय तिथे पान हलत नाही. भागीदारीच्या अर्जाखाली तीन होकार होते. तिसरा अण्णांचा, त्यांच्याच खासगी चावीने दिलेला. मंगळवार, सकाळी नऊ चाळीस. शब्द दोनच: "पाहिलं. चालेल."

रविवारी दीड पान नाही लिहिणारा माणूस नऊ दिवसांनी दोन शब्दांत हो म्हणाला होता.

२

योजनेचे प्रमुख माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. मला ताई म्हणतात.

"ताई, म्हातारी माणसं विसरतात. आधी हो म्हणाले असतील, आता पस्तावले असतील."

"असेलही. पण ते म्हणतात पुसून टाकीन. मूळ खातं त्यांचंच आहे."

"शुक्रवारी पाचनंतर नाही पुसता येणार, चावी आपल्याकडे असेल," ते म्हणाले, आणि मग जरा ओशाळले. "तुम्ही बघा विचारून. पण ठोस काही आणा. भावना नकोत."

पहिला फोन मी त्या तिघांपैकी 'पाव्हण्या'ला केला. आठ वर्षांपूर्वी एक चूक दुरुस्त करायला आला आणि राहूनच गेला, म्हणून हे नाव. एरवी तो मालट्रकांची वेळापत्रकं लावतो. मागे सारखा कोणीतरी गाडीचा नंबर ओरडत होता.

"अर्ज मीच केला," तो म्हणाला. "लपवतो कशाला? तिघांनी अडतीस शाळा किती दिवस ओढायच्या? कोठार दोन माणसं देतंय तर घ्यावीत."

"अण्णांचा विरोध होता, माहीत होतं?"

"विरोध? अहो, त्यांनी तर सही केली!"

"त्याआधी विचारलं होतं का त्यांना?"

तो घुटमळला. "अण्णा हल्ली बोलत नाहीत. आठ महिने झाले. आधी कसे, एका स्वल्पविरामावरून चार पानं लिहायचे. आम्हाला वाटलं वयाने निवळले. पण काम बघतात ना! काहीही पाठवा, उशिरा का होईना, 'पाहिलं, चालेल' येतंच. म्हटलं, सही येतेय म्हणजे माणूस बरा आहे."

"कधी फोन केलात?"

"नंबर नाहीये माझ्याकडे."

"आठ वर्षांत?"

"आमचं सगळं त्या खोलीतच होतं हो," पाव्हणा म्हणाला. मग आवाज खाली आणून, "ते नाही म्हणताहेत का? मग आठ महिने सह्या कोण करतंय?"

३

गुरुवारी सकाळी मी बसने अण्णांच्या घरी गेले. तिसरा मजला, जिन्याला एकच दिवा. दार त्यांनीच उघडलं. साठी ओलांडलेली, कधीकाळी टेलिफोन खात्यात तारा जोडणारे हात, इस्त्रीचा सदरा, पण एक बटण खालीवर लावलेलं.

"तुम्ही आलात?" ते म्हणाले. "मला वाटलं उत्तर येईल फक्त."

बाहेरच्या खोलीत त्यांचं टेबल, त्यावर एक संगणक. आत स्वयंपाकघर. बाजूला एक दार बंद होतं आणि त्यामागून पंख्यासारखी बारीक घरघर येत होती.

"ती बहिणीची खोली," माझी नजर बघून ते म्हणाले. "उघडत नाही मी."

बहीण जन्मापासून आंधळी. ठिपके तिच्यासाठीच लिहिलेले. तिची बोटं यंत्रावर फिरायची आणि चूक सापडली की ती म्हणायची, "दादा, इथे खडा लागला." अडतीस शाळांच्या आधीची पहिली वाचक ती. आठ महिन्यांपूर्वी गेली.

"तुमच्या जोडीदारांना सांगितलंत?"

"काय सांगणार? कोडात कुठे लिहू?" त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "ती गेल्यावर पंधरा दिवस ठिपक्यांच्या खोलीतून टिंग वाजायचं. वाटायचं, कोणीतरी विचारतंय. उघडावं, तर यंत्राने पाठवलेलं असायचं. चाचणी पूर्ण झाली, चाचणी पूर्ण झाली. शेवटी मी तो आवाजच बंद केला. तेव्हापासून त्या खोलीत गेलो नाही. योजनेचं वाचलं ते जाहीर पानावर, म्हणून उत्तरही तिथेच लिहिलं. आपली माणसं वाचतील म्हटलं."

"वाचलं नाही त्यांनी. बाराशे आहेत."

"तुम्ही वाचलंत ना."

त्यांनी मला पाणी दिलं, स्वतः उभेच राहिले.

"तसंही त्यांना माझी गरज उरली नव्हती," ते म्हणाले. "या आठ महिन्यांत तीन आवृत्त्या काढल्या त्यांनी. मला न विचारता. नियम बदलला असेल. मी गप्प बसलो. पण परवा तुमच्या कोठाराचं अभिनंदनाचं पत्र आलं, 'आपल्या होकाराबद्दल धन्यवाद'. तेव्हा मात्र डोकं फिरलं."

मी पेला खाली ठेवला.

"अण्णा, नियम बदललेला नाही. त्या तिन्ही आवृत्त्यांवर तुमची सही आहे."

४

दत्तकविधानवाली प्रतिक्रिया लिहिणाऱ्या बाई म्हणजेच ठिपक्यांची तिसरी राखणदार. कोणाच्याही कोडात बोट शिरेल एवढी फट दिसली की टोचायची, म्हणून अण्णांनीच तिचं नाव टाचणी ठेवलेलं. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती पडद्यावर आली, पांढऱ्या कोटात, केस टोपीत कोंबलेले.

"कोठाराकडून? या, या. बिल्ला आणलात का?"

"तुम्ही जाहीरपणे एवढं झोडलंत, आणि खोलीत होकार दिलात. कसं काय?"

"माझी मर्जी."

"तुमच्या होकारावाचून अर्ज पुढे गेला नसता."

"गेला नसता तर नसता गेला." तिने डबा उघडला, पुन्हा बंद केला. "मंगळवारी दिला मी. परवाच्या नाही हो, त्याच्या आधीच्या. ड्युटी सुरू व्हायच्या आत, पावणेदहाला पाच कमी असताना. रुजू व्हायचं होतं, तरी दिला. विचारा का."

"का?"

"भांडण व्हावं म्हणून!" ती एकदम म्हणाली. "बारा वर्षं ओळखते मी त्या माणसाला. माझ्या कोडातल्या एका मोकळ्या जागेवरून त्यांनी मला आठवडाभर सोललंय. आणि आता आठ महिने नुसतं 'पाहिलं, चालेल'. मी मुद्दाम चुका घालून पाठवल्या, ताई. शेंबड्या पोराला दिसतील अशा. 'पाहिलं, चालेल!' मग मीच गुपचूप काढल्या. म्हटलं, या योजनेला हो म्हणते, बघू कसे गप्प बसतात. चवताळून उठतील, 'टाचणे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का' म्हणतील. वाट बघत बसले. सात दिवस."

"आणि?"

"आणि हो म्हणाले." तिने नाक पुसलं. "त्यांना आता कशाचंच काही वाटत नाही. मग मी तरी कशाला धरून ठेवू? जाऊ दे कोठाराला."

बहिणीचं मी तिला सांगितलं नाही. ते सांगणं माझं नव्हतं. एवढंच म्हटलं, "ते म्हणतात, ती सही त्यांची नाही."

तिने डबा बाजूला सारला.

"म्हणजे माझ्या चुका," ती सावकाश म्हणाली, "त्यांनी पाहिल्याच नाहीत?"

५

संध्याकाळी निघायच्या वेळी प्रमुख स्वतः माझ्या टेबलापाशी आले. हातात नोंदींचा कागद होता.

"ताई, तुमच्या चोराने सही कुठून केली ते मिळालं. चारही वेळा अण्णांच्याच घरातून. पण ते जो संगणक वापरतात त्याच्यावरून नाही. घरातल्या दुसऱ्याच यंत्रावरून." त्यांनी भुवया उंचावल्या. "घरात कोण कोण असतं?"

घरात दुसरं कोणी नसतं. पण सकाळी निघताना जिन्यात मला एक बाई भेटली होती, हातात जेवणाचा डबा. अण्णांची भाची, त्याच बहिणीची मुलगी. शाळेची बस चालवते. पहिली फेरी संपवून रोज साडेनऊच्या सुमारास मामाला डबा देते आणि अर्धा तास थांबते. सही नऊ चाळीसची.

मी तिला फोन केला. बस उभी करून ती बोलत होती.

"मामाच्या सह्या मी करते?" तिला हसू आलं, मग राग आला. "मला चावी म्हटलं की बसची कळते, नाहीतर दाराची. हां, ते ठिपके सुटावेत असं वाटतं मला. खोटं कशाला बोलू? आईसाठी केलं, आई गेली. आता त्याने चार माणसांत बसावं. मी म्हटलंही, देऊन टाक कोणालातरी. तर जेवलाच नाही त्या दिवशी."

"घरात दुसरा संगणक आहे?"

"आईचा होता. तिच्या खोलीत. मामा ते दार उघडू देत नाही."

आवाजात लपवाछपवी नव्हती. पण साडेनऊला घरात येणारी, अर्धा तास थांबणारी, ठिपके जावेत असं वाटणारी दुसरी कोणी नव्हती. रात्री जपाला बसले तरी मन थाऱ्यावर येईना. एखाद्यावर आळ घालणं सोपं असतं, तो काढून घेता येत नाही.

सकाळी उठून मी कोरा कागद घेतला आणि चारही सह्यांच्या वेळा एकाखाली एक मांडल्या. पहिली गुरुवारी दुपारी दोन सतराला. दुसरी सोमवारी संध्याकाळी सहा पाचला. तिसरी रविवारी अकरा बत्तीसला. चौथी मंगळवारी नऊ चाळीसला. साडेनऊच्या डब्याशी फक्त शेवटची जुळत होती. रविवारी तर शाळेची बसच नसते. आणि दुसऱ्या सहीच्या आठवड्यात, भाचीने मला बोलता बोलता सांगितलं होतं, ती परगावी होती.

मग त्याच कागदावर मी बाकीच्या दोघांच्या होकारांच्या वेळा लिहिल्या. शेवटची ओळ लिहिताना पेन थांबलं. टाचणी म्हणाली होती, पावणेदहाला पाच कमी. म्हणजे नऊ चाळीस.

सही माणसाने केलीच नव्हती.

६

अकरा वाजता मी अण्णांच्या दारात होते. शुक्रवार.

"हे बघा," मी कागद त्यांच्या पुढ्यात धरला. "पहिल्या वेळी पाव्हण्याचा होकार शेवटी आला, गुरुवारी दोन सतराला. तुमची सही बरोबर पुढच्या गुरुवारी दोन सतराला. दुसऱ्या वेळी टाचणीचा सोमवारी सहा पाचला, तुमचा पुढच्या सोमवारी सहा पाचला. चारही वेळा सात दिवस, एका मिनिटाचाही फरक नाही. माणूस कितीही शिस्तीचा असो, मिनिटाला धरून हो म्हणत नाही. आणि शब्दही चारही वेळा तेच, टिंबासकट. अण्णा, सात दिवस कोणाची वाट बघायची आणि मग हो म्हणायचं, असं कोणी कोणाला सांगून ठेवलं होतं का?"

ते कागदाकडे बघत राहिले. ओठ हलत होते, आकडे पुन्हा मोजत असावेत. मग त्यांनी सावकाश मान वळवली, बंद दाराकडे.

"ऑपरेशन," ते म्हणाले.

चावी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला होती. दार उघडायला त्यांना तीन वेळा प्रयत्न करावा लागला. आत पलंगावर चादर नीट ओढलेली, खिडकी बंद, टेबलावर तिचं वाचनयंत्र आणि त्याशेजारी घरघरणारा जुना संगणक. संगणकाला पडदा कधी लावलेलाच नव्हता. तिला तो कशाला लागणार? अण्णांनी स्वतःचा पडदा आणून जोडला. धुळीत त्यांच्या हाताचे ठसे उठले.

त्यात आपोआप सही करणारी आज्ञा सापडली, फक्त अकरा ओळींची. तिच्या डोक्यावर त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेली टीप होती. ती त्यांनी मोठ्याने वाचली, दुसऱ्या कोणाचं पत्र वाचावं तशी.

"डोळ्याचं ऑपरेशन, तीन आठवडे. दोघांचे होकार आले आणि मी सात दिवसांत काही बोललो नाही, तर माझाही होकार समजावा. काम अडू नये. परत आल्यावर हे काढून टाकणे."

सहा वर्षांपूर्वीची तारीख होती.

"काढायचं राहिलं," अण्णा म्हणाले. "माझा संगणक बंद ठेवणार होतो, तिचा चालूच असायचा, म्हणून इथे ठेवलं. नवव्या दिवशीच डोळा उघडला, कामाला बसलो. तोवर ठिपक्यांच्या खोलीत काही आलंच नव्हतं. त्यानंतर मी कधी सात दिवस गप्प राहिलोच नाही."

"आठ महिन्यांपूर्वीपर्यंत."

ते तिच्या खुर्चीवर बसले. "म्हणजे त्यांना वाटत होतं मी आहे. आणि मला वाटत होतं..." त्यांनी बाहीने तिच्या यंत्रावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "चोर मीच निघालो की हो."

मी घड्याळ पाहिलं. बारा वाजून गेले होते.

७

प्रमुखांना मी तिथूनच फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "ताई, शाबास. पण अडचण अशी की नियम त्यांनीच लिहिला. चावी त्यांची, घर त्यांचं, आज्ञा त्यांची. कायद्याने होकार त्यांचाच. विसरलो म्हणून कोणी सही परत घेत नाही."

"करार किती पानांचा आहे आपला?"

"आठ. का?"

"आणि होकार म्हणजे करार वाचून दिलेला होकार, असं त्यात पहिल्याच पानावर आहे. कोणी किती वेळ उघडून ठेवला याची नोंद असते ना आपल्याकडे? बघता?"

कळा दाबल्याचा आवाज आला. "टाचणीबाई एक्कावन्न मिनिटं. बाप रे. पाव्हणा दोन मिनिटं. अण्णा..." पुन्हा कळा वाजल्या. "उघडलेलाच नाही."

"यंत्राला वाचावं लागत नाही," मी म्हटलं. "आज एका भल्या माणसाच्या विसराळूपणाने घडलं. उद्या कोणाचंही यंत्र, करार न उघडता, कोणाचीही चावी आपल्याला देऊन बसेल. आणि हे बाहेर कळलं तर बाराशेच्या बारा हजार होतील. वाचायच्या मलाच आहेत म्हणा."

माझा आवाज चढला तर नाही ना, अशी मला धास्ती वाटली.

"ठीक आहे," शेवटी ते म्हणाले. "हा होकार बाद. पण जागा रिकामी सोडता येणार नाही. पाचच्या आत त्यांनी स्वतः खोलीत जाऊन काय ते लिहायचं. हो किंवा नाही. काहीच आलं नाही तर दोन होकारांवर अर्ज वरच्या समितीकडे जाईल, आणि समिती काय करेल ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे माझं काही चालणार नाही."

मी अण्णांना निरोप दिला. त्यांनी मान हलवली.

"खोलीत कशाला? इथूनच पुसतो सगळं. दोन मिनिटांचं काम."

"अडतीस शाळा आहेत."

"कोठार चालवेल त्यांना. बिल्ल्यासकट." ते तिच्या यंत्राकडे बघत होते. "मी तिथे जाऊन काय लिहू? आठ महिन्यांनी माणूस उगवतो आणि काय म्हणतो? रागावले असतील. किंवा रागावलेही नसतील."

मी नुसती बसून राहिले. एक वाजला, दोन वाजले. भाचीने सकाळी ठेवलेला डबा त्यांनी उघडला, मला अर्धं वाढलं, आणि आम्ही जेवलो. साडेतीनला ते उठले, पडदा परत आपल्या टेबलावर नेऊन जोडला आणि त्यांनी ठिपक्यांची खोली उघडली.

यंत्राच्या निरोपांचे ढीग होते. चाचणी पूर्ण, चाचणी पूर्ण. ते पानं खाली सरकवत गेले आणि मध्येच थांबले. त्या ढिगात, महिन्यातून एखादी, माणसाने लिहिलेली ओळ होती.

"अण्णा, सहावी ओळ मुद्दाम चुकवलीय. ओरडा."

"अण्णा, आहात ना?"

"माझी बदली झाली. रात्रपाळी सुटली. तुम्हाला सांगायचं होतं."

"अण्णा, पाव्हण्याला मुलगी झाली, त्याने तुम्हाला सांगितलं की नाही माहीत नाही."

अशा अकरा. मी नऊपर्यंत मोजल्या, मग त्यांनी चष्मा काढला म्हणून नजर फिरवली.

चार वाजून बावन्न मिनिटांनी त्यांनी लिहिलं. दोन बोटांनी लिहितात ते, एकेक अक्षर शोधून.

"नाही. चावी देणार नाही. आधीच्या चार सह्या माझ्या नव्हत्या, माझ्या चुकीच्या होत्या. माझी बहीण आठ महिन्यांपूर्वी गेली. तुम्हाला कळवायला हवं होतं, जमलं नाही. टाचणे, सहावी ओळ आता पाहिली. लाज वाटायला हवी."

माझ्या फोनवर प्रमुखांचा निरोप आला: नोंद झाली, अर्ज रद्द. मी मान वर केली तर पडद्यावर हिरवा दिवा लागला होता, कोणीतरी बोलायला बोलावत होतं. अण्णा हात वर उचलून तसेच बसले. मग त्यांनी कळ दाबली.

"अण्णा!" टाचणी ओरडली. मागे काचेच्या नळ्या खणखणल्या. "सहावी ओळ? सहावी ओळ सोडा! बहीण गेली आणि तुम्ही... माणूस आहात की काय आहात तुम्ही? मी इथे बारा वर्षं..."

"ओरड," अण्णा म्हणाले. "ओरड, टाचणे."

दुसरा आवाज आत आला, मागे कोणीतरी गाडीचा नंबर पुकारत होतं. "अण्णा, मी पाव्हणा. मला... मला माहीत नव्हतं हो. अर्ज मी केला. माझंच चुकलं."

"तुला माणसं हवी होती मदतीला. चूक काय त्यात? मुलगी झाली म्हणे."

"चार महिन्यांची आहे."

"नाव काय ठेवलं?"

त्याने सांगितलं. टाचणीने हुंदक्यातूनच नावाला नाक मुरडलं, पाव्हणा खवळला, आणि अण्णांनी दोघांना गप्प बसवलं. मग टाचणीने विचारलं, "तुमची बहीण शेवटी शेवटी काय वाचायची?" आणि अण्णा सांगू लागले. आधी अडखळत, नंतर खुर्ची पुढे ओढून.

माझं काम झालं होतं. मी पेला विसळून पालथा ठेवला, पिशवी उचलली आणि दारापाशी येऊन म्हटलं, "निघते हं मी." त्यांची पाठ होती. सांगता सांगता त्यांची बोटं टेबलावर एका अदृश्य ओळीवरून डावीकडून उजवीकडे फिरत होती.

मी दार हळूच ओढून घेतलं. जिना उतरताना दुसऱ्या मजल्यापर्यंत टाचणीचा आवाज येत होता. पहिल्या मजल्यावर आला नाही.